दाव्याच्या टप्प्यातला गुप्तहेर

मराठी मुलखात आजवर जेवढे म्हणून गुप्तहेर कागदावर जन्माला आले, त्यांतला सर्वांत मंद, सर्वांत वजनदार आणि सर्वांत कमी हिंडणारा गुप्तहेर माझ्या सासऱ्यांनी जन्माला घातला, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. हा गुप्तहेर म्हणजे एक बैल. नाव पवळ्या. तो गोठ्यात बारा हात लांब दाव्याला बांधलेला असतो, आणि त्यामुळे सासरेबुवांच्या गोष्टींतले चोर मोठ्या समजूतदारपणे त्या बारा हातांच्या आतच चोरी करतात. मुलांसाठी लिहिलेल्या अशा रहस्यकथांचा त्यांच्याकडे एक ट्रंकभर साठा आहे. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, असलं काहीही त्यांनी मला विचारलं नाही. पोह्यांची बशी हातात दिली आणि 'तेरावं अंडं' ही कथा पहिल्यापासून वाचायला घेतली. शेवटच्या पानाच्या अलीकडे थांबून चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "हां, आता सांगा, अंडं कुणी नेलंन?" मी घाम पुसत म्हटलं, "मुंगसाने." "कशावरून?" "असंच वाटलं," मी म्हणालो. सासरेबुवांनी कागद मिटले. मग आत गेले, आणि ते सासूबाईंना काय म्हणाले ते मला बाहेर स्वच्छ ऐकू आलं: "मुलगा उतावळा आहे. पण खोटं बोलत नाय. चालेल." अशा रीतीने माझं लग्न एका अंड्यावर ठरलं. ते अंडं मुंगसाने नेलेलं नव्हतं, हे मला लग्न लागून गेल्यावर कळलं.

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, गेलं की एका लहानशा वाडीत त्यांचं घर आहे. आयुष्यभर त्यांनी गुरांच्या दवाखान्यात ड्रेसरची नोकरी केली. म्हणजे डॉक्टर सुई टोचणार आणि हे शिंगं धरणार. डॉक्टर जखम शिवणार आणि हे ट्रे घेऊन उभे राहणार. निवृत्तीच्या आदल्या वर्षी कुणीतरी पाय मोडलेला एक पाडा दवाखान्याच्या दारात बांधला आणि तो गृहस्थ पुन्हा फिरकलाच नाही. पाय जोडला गेला, पण जरा वाकडा. असा पाडा घेणार कोण, म्हणून सासरेबुवा त्याला घरी घेऊन आले. तोच पवळ्या. तो मोठा होईतो वाडीत पॉवर टिलर आला, त्यामुळे त्याच्या मानेवर जू कधी चढलंच नाही. खायचं, बसायचं आणि रवंथ करायचं, एवढंच काम. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं म्हणतात; आमच्याकडे पवळ्याशेजारी सासरेबुवा बसले आणि गुण त्यांना लागला. ते एकेक घास इतका चावतात की त्यांच्या पंगतीला बसलेल्याचा हात वाळतो. काही विचारलं तर उत्तर लगेच येत नाही. प्रश्न आधी आत जातो आणि उत्तर केव्हातरी सावकाश वर येतं. एकदा मी सकाळी निघताना विचारलं, "बाबा, माझ्याबरोबर रत्नागिरीत येताय का?" संध्याकाळी परत आलो तर अंगणात उभे राहून म्हणाले, "नको. आज नको." सासूबाई म्हणतात, "माणसांचं ऐकायला ह्यांना कान नाहीत, पण बैलाच्या पोटाला कान लावून बसतील." आणि हे शब्दशः खरं होतं. रोज सकाळी ते पवळ्याच्या डाव्या कुशीला कान लावायचे, एका घासाला तो किती वेळा जबडा हलवतो ते मोजायचे, त्याने काय खाल्लं आणि कुणी दिलं हेही सासूबाईंना विचारायचे, आणि सगळं एका लांबलचक रजिस्टरात लिहून ठेवायचे. नोकरी सुटली तरी रजिस्टर सुटलं नाही.

बैलच का, हा प्रश्न त्यांना प्रत्येक जण विचारतो, आणि या एका प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांच्या जिभेवर तयार असतं. "कुत्रा पुरावा हातात यायच्या आधी भुंकतो. मांजर बांगड्याच्या डोक्यावर फितूर होतं. शेळी तर पुरावाच खाते. बैल कसा, आधी गिळतो, आणि मग निवांत बसून तेच परत वर आणून चावतो. तपास म्हणजे दुसरं काय असतं?" माणसांविषयी त्यांची तक्रार एवढीच, की गिळण्याचं काम माणूस बैलासारखंच करतो, पण पुढचं करायला विसरतो. माझ्या बायकोने एकदा त्यांच्या नकळत एक कथा मुलांच्या मासिकाकडे पाठवली. संपादकांचं फार सौजन्याचं पत्र आलं. कथा आवडली, फक्त बैलाऐवजी कुत्रा करता येईल का, दावं सोडता येईल का, आणि चित्रात शोभून दिसावी म्हणून त्याला एखादी टोपी देता येईल का? सासरेबुवांनी चार दिवस त्या पत्राचा रवंथ केला आणि पोस्टकार्ड टाकलं: 'शिंगांमुळे बैलास टोपी बसत नाही. कळावे.'

गोष्टीत जनावर बोलतं एवढीच काय ती त्यांनी कल्पनेला दिलेली सूट. बाकी सगळं दवाखान्याच्या शिस्तीत. बैलाला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, तेव्हा लाल साडी, लाल चप्पल, लाल रिबीन हे पुरावे बाद. बैलाला दोन्ही अंगांचं पुष्कळ दिसतं, पण बरोबर शेपटीमागचं दिसत नाही. तेव्हा चोर नेहमी मागूनच येणार. पवळ्याच्या हाताखाली एक कोंबडी होती. तिला दावं नसल्यामुळे बाहेरचा तपास तिच्याकडे. ती बातमी आणायची खरी, पण बातमी दिल्यावर अंडं घातल्यासारखी ओरडायची, आणि चोर सावध व्हायचा. माझी मुलगी सई आठ वर्षांची असताना एकदा शांतपणे म्हणाली, "आजोबा, जो मागून आला तो चोर. दर वेळी तोच असतो." सासरेबुवांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. पुढच्याच गोष्टीत त्यांनी वाडीतल्या झाडून सगळ्यांना मागून आणलं. पोस्टमनसुद्धा गोठ्यामागच्या दगडी गडग्यावरून उडी मारून आला. आमचा पोस्टमन निवृत्तीला टेकलेला आहे. ती गोष्ट वाचून तो म्हणाला, "डाक्तर, आधी माझी कंबर बघा आणि मग लिहा." (ड्रेसर असले तरी वाडी त्यांना डाक्तरच म्हणते.)

गोष्टीची प्रत एकच निघायची. लसीकरणाच्या रद्दी झालेल्या फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर, हिरव्या शाईत. ती घरोघर फिरायची. एका घराने दोन दिवस ठेवायची आणि पुढच्या घरी पोचवायची. मात्र शेवटचं पान तिच्यात नसायचं. ते असायचं लसी ठेवायच्या एका जुन्या थर्मासात, आणि थर्मास टांगलेला गोठ्याच्या खांबाला. "थर्मासात रहस्य ताजं राहतं," हे सासरेबुवांचं शास्त्र. ज्याला शेवट हवा त्याने गोठ्यात यायचं, पवळ्यासमोर उभं राहून चोर कोण ते मोठ्याने सांगायचं, आणि कशावरून तेही सांगायचं. उत्तर चुकलं तरी पान मिळे. 'कशावरून' नसलं तर मात्र मिळत नसे. आधी शाळेतली मुलं येत, मग मुलांच्या आया यायला लागल्या, मग बापही आंबा कसा काय आलाय ते विचारायचं निमित्त करून डोकावून जायला लागले. सगळ्या वाडीत शेवटचं पान कधीच न मिळालेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे भागीबाय. भागीबाय बंदरावरून मासे घेऊन येई. तिला वाचता येत नाही, म्हणून सासूबाई पायरीवर मासे निवडत तोवर सासरेबुवा तिला गोष्ट वाचून दाखवत. ती माशांच्या पाटीवर हात टेकून मन लावून ऐकायची. पण चोर कोण म्हणून विचारलं की पाटी उचलायची. "नाय वो डाक्तर. मी कोनाचं नाव घेनार नाय. दारोदार फिरनारी मी. गोष्टीतला तर गोष्टीतला, पन उगाच कोनाला चोर कशाला म्हना?" जाता जाता पवळ्याच्या पाठीवरून हात फिरवायची आणि पुढच्या घरी जायची.

घोळ झाला तो त्या मोठ्याने सांगण्यापायी. कोकणातल्या माणसाला कुणासमोर उभं राहून मोठ्याने काही सांगायची सवय एकाच ठिकाणची, ती म्हणजे देवळात गाऱ्हाणं घालतानाची. पवळ्यासमोर उभं राहिलं की मुलांच्या तोंडून आपसूक निघायचं, "बा पवळ्या म्हाराजा!" आणि मागची मुलं ओरडायची, "होय म्हाराजा!" सासरेबुवा हसायचे. मग कुणाला तरी शोध लागला, की बरोबर नाव घेतलं की पवळ्याचा उजवा कान हलतो आणि चुकलं की डावा. देवाचा कौल उजवा-डावा असतो, तसाच हा. बैलाचे कान माश्यांमुळे हलतात हे वाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण ते आपल्या गोठ्यातल्या बैलांविषयी. हळूहळू माणसं गोष्ट न वाचताच यायला लागली. मुलाला नोकरी लागेल का, विहिरीला पाणी लागेल का, सून माहेराहून कधी येईल. येताना केळीच्या पानात काहीबाही बांधून आणत. पवळ्या फुगत चालला. एक दिवस गोठ्याच्या खांबाला हळदकुंकू लावलेलं दिसलं, तेव्हा मात्र सासरेबुवा भडकले. आमचं घर बौद्ध. घरात बुद्धाची मूर्ती आहे, पौर्णिमेला वंदना होते, पण तिच्याकडे कुणी काही मागत नाही. हळदकुंकू लावलं होतं सुलभाकाकूंनी. सुलभाकाकू म्हणजे वाडीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. मनाने मोठ्या आणि आवाजाने त्याहून मोठ्या. सासरेबुवा त्यांना म्हणाले, "माझ्या आजोबाला तुमच्या देवळाची पायरी चढू देत नव्हते, आणि आता तुम्ही माझ्या गोठ्याचं देऊळ करताय?" काकू म्हणाल्या, "अहो, मग बरंच झालं की! आता आम्ही तुमच्या पायरीला आलो." यावर रवंथ करायला सासरेबुवांना आठवडा तरी लागला असता, पण तेवढ्यात दुसरीच भानगड उभी राहिली.

सुलभाकाकूंचा चांदीचा छल्ला हरवला. त्यांच्या सासूने दिलेला, दोन किल्ल्या अडकवलेला, कायम कमरेला खोचलेला. त्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे होते. सकाळी पायरीवर बसून भागीबायकडून सौंदाळे घेतले तेव्हा छल्ला कमरेला होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं, संध्याकाळी नव्हता. त्यांनी पोलिसांत जायच्या ऐवजी पवळ्याकडे धाव घेतली. सासरेबुवा नेमके घरी नव्हते. काकूंनी एकेक नाव घेतलं. पाहुण्यांची घेतली, मीटर बघायला आलेल्या वायरमनचं घेतलं, आणि सगळ्यांच्या शेवटी भागीबायचं घेतलं. पवळ्याचा उजवा कान हलला. भागीबायला कुणीही काही बोललं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी तिने तीन दारांत पाटी उतरवली आणि तिन्ही दारांतून कुणी बाहेर आलं नाही. चौथं दार आमच्या सासूबाईंचं. त्यांना खोटं बोलता येत नाही, त्यांनी सगळं सांगितलं. भागीबाय गोठ्याकडे पाहत राहिली. "मी रोज जाताना त्याच्या पाठीवरनं हात फिरवतंय," ती म्हणाली, "आनि त्यानं माजंच नाव घेतलंन?" तिने पाटी उचलली आणि ती परत आली नाही. इतक्या वर्षांत एक मांदेली कमी घातली नव्हती त्या बाईने.

सासरेबुवांना मी इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. "ही चोरी कुणाची का असेना, गुन्हा माझा आहे," ते मला म्हणाले. "'कशावरून' विचारायला शिकवायचं म्हणून एवढ्या गोष्टी लिहिल्या, आणि शेवटी बैलाच्या कानावर बाईची अब्रू गेली." ते बसने बंदरावर गेले. मासे उतरत होते त्या गडबडीत भागीबायसमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडून माफी मागितली, स्वतःच्या वतीने आणि बैलाच्या वतीने. भागीबाय म्हणाली, "माफी घेऊन काय करू डाक्तर? माजं नाव धुवून द्या." घरी आल्यावर त्यांनी थर्मास खांबावरून काढला, गोठ्याच्या दाराला 'चौकशी बंद' अशी पाटी लावली आणि रजिस्टर घेऊन ओटीवर बसले. आयुष्यभर कागदावर तपास केलेल्या माणसावर पहिल्यांदाच खरा तपास येऊन पडला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला रत्नागिरीत फोन केला. त्यांचा फोन म्हणजे पहिलं मिनिट नुसता श्वास ऐकू येतो. मग म्हणाले, "जावईबापू, पवळ्या एका घासाला पन्नास-पंचावन्न वेळा चावतो. वर्षानुवर्षं तसंच आहे. छल्ला गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून चाळीसच्या वर गेलेला नाय. उठताना कण्हतो. आणि आदल्या दिवशीच्या नोंदीत काय लिहिलंय? 'दुपारी सुलभाकाकूंनी केळीच्या पानात बांधून भात दिला.' गुरं आधी गिळतात, जावईबापू. चावतात मागाहून. जड वस्तू असली तर ती परत वर येतच नाय, जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या पुढच्या कप्प्यात, बसून राहते. दवाखान्यात खिळे पाहिलेत, तारा पाहिल्यात, एकदा तर कानातलं पाहिलंय." मी म्हटलं, "म्हणजे चोर पवळ्या?" पलीकडे पुन्हा श्वास. मग अगदी बारीक आवाजात, "कशावरून म्हणायचं तेच बघायला हवं."

मी एका सरकारी कचेरीत कारकून आहे. आमच्या दारावरच्या पहारेकऱ्याकडे ते काळं दांडकं असतं, अंगावरून फिरवलं की धातू असेल तिथे पीं करतं. मी त्याला गाठून म्हटलं, रविवारी जरा हे दांडकं मिळेल का? "कुणाला तपासायचंय?" "सासऱ्यांच्या बैलाला." त्याने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "वस्तू सरकारी आहे, हातातून सोडणार नाही. मी स्वतः येईन," तो म्हणाला, आणि रविवारी खरोखरच कडक इस्त्रीच्या गणवेशात माझ्या स्कूटरवर मागे बसून आला. गणवेश पाहून वाडीत बातमी पसरली की डाक्तरांच्या बैलाला पकडायला आलेत. पाच मिनिटांत अंगण भरलं. सासरेबुवांनी आधी सुलभाकाकूंची स्वतःची गाय आणवली आणि तिच्यावरून दांडकं फिरवायला लावलं. आवाज नाही. मग पवळ्या. दांडकं मानेजवळ जाताच पीं! लोकांनी टाळ्याच वाजवल्या. सासरेबुवा ओरडले, "गळ्यातली घंटा काढा आधी! गिळायची घाई करू नका!" घंटा काढली. दांडकं खांद्यावरून, पाठीवरून, पोटावरून गेलं, काही नाही. मग सासरेबुवांनी पहारेकऱ्याचा हात धरून डाव्या पुढच्या पायाच्या कोपरामागे, अगदी खाली टेकवला. पीं. पुन्हा टेकवला. पुन्हा पीं. पवळ्या आमच्याकडे पाहत शांतपणे चावत होता.

"अगो बाई!" सुलभाकाकू मटकन ओट्यावर बसल्या. "वाकून पान बांधत होते... छल्ला सैल झाला होता खरा... पाहुण्यांच्या गडबडीत..." त्यांनी कपाळाला हात लावला. "माझं मेलीचं चुकलं. एवढी जुनी बाई, आणि मी माशीचं ऐकलं!" त्या तशाच उठल्या, वहाणा चढवल्या आणि भागीबायला आणायला बंदराच्या वाटेला लागल्या. बाकीची वाडी जल्लोष करायच्या बेतात होती. तेवढ्यात आमच्या सासरेबुवांनी हात वर केला. "थांबा. पोटात धातू आहे, एवढंच ठरलं. तो छल्लाच आहे हे ठरलेलं नाय. खिळाही असेल." मी त्यांचा सदरा ओढत पुटपुटलो, "बाबा, आता पुरे ना." ते म्हणाले, "काल कानावर विश्वास ठेवलात, आज दांडक्यावर ठेवाल. मग फरक काय?" तालुक्याच्या डॉक्टरांनी येऊन तपासलं आणि सांगितलं, वस्तू बोथट दिसते, आहे तिथे बसून राहील, या वयात पोट फाडायची जोखीम नको. चार-सहा दिवसांत पवळ्या पुन्हा पन्नासावर आला. तपास तिथेच अडकला.

भागीबाय परत आली. सुलभाकाकूंनी तिच्या पाटीला स्वतःचा हात लावून ती वर सड्यावर आणली, आणि भर अंगणात सगळ्यांसमोर तिच्या पाया पडल्या. पण भागीबायच्या मनातला काटा निघाला नव्हता, आणि तो निघाला नव्हता हे ती लपवतही नव्हती. वाडीत आली की सर्वांत आधी गोठ्यात जायची आणि पवळ्याला विचारायची, "काय रे बाबा, कवा सांगतंस?" सासरेबुवांनी 'छल्ला' नावाची गोष्ट लिहिली, ती घरोघर फिरली, पण थर्मास रिकामाच राहिला. मुलं येऊन ओरडायची, "पवळ्या चोर!" "कशावरून?" "दांडकं वाजलं!" "दांडकं धातूला वाजतं. पुढं?" पुढं कुणाकडेच काही नव्हतं. दोन वर्षं ती गोष्ट शेवटच्या पानाशिवाय राहिली.

पवळ्या गेला तो भातकापणीच्या दिवसांत, म्हातारा होऊन, दुपारचा बसल्या जागी. सासरेबुवांनी डॉक्टरांना बोलावलं आणि स्वतः इनॅमलचा ट्रे घेऊन उभे राहिले, आयुष्यभर उभे राहत तसेच. मी त्यांना म्हटलं, तुम्ही आत बसा. त्यांनी मान हलवली. डॉक्टरांनी पोटातून काढून ट्रेमध्ये ठेवलेली वस्तू काळी पडली होती. छल्लाच होता, दोन्ही किल्ल्यांसकट. सासरेबुवांनी तो स्वच्छ धुतला, ट्रे घेऊन गर्दीतून आले आणि सुलभाकाकूंना मागे टाकून आधी भागीबायसमोर जाऊन उभे राहिले. "बघा. हाच ना?" भागीबाय म्हणाली, "मला काय म्हायत? मी कदी बघितलाच नाय तो." सुलभाकाकूंनी तो उचलला, पदराने पुसला आणि भागीबायच्या हातात देऊ लागल्या. भागीबायने हात मागे घेतला. "नको वो काकी. उद्या कोनी विचारलान, कुटून आनलास, तर सांगायला साक्षीदार कुटं हाय? माजा साक्षीदार हा गेला." आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिला तेव्हा आलं. मला त्या बाईविषयी, त्या बैलाविषयी आणि ट्रे धरून उभ्या असलेल्या त्या हट्टी म्हाताऱ्याविषयी एकदम इतकी माया वाटली, की मी विहिरीकडे जाऊन तोंड धुऊन आलो.

त्याच संध्याकाळी सासरेबुवांनी 'छल्ला'चं शेवटचं पान लिहिलं आणि ते भागीबायला दिलं. तिचं ते पहिलंच शेवटचं पान. नक्कल ठेवली नाही. त्यामुळे ट्रंकेतली ती गोष्ट अजूनही अपुरीच आहे, आणि जिला वाचता येत नाही त्या एकाच बाईकडे तिचा शेवट आहे. तिच्या सुनेने तो तिला वाचून दाखवला, तिने पाठ केला. वाडीतली मुलं त्यासाठी बंदरावर जातात. सासरेबुवांनी त्यानंतर एकही गोष्ट लिहिली नाही. गोठा झाडलेला असतो, खांबाला रिकामा थर्मास आहे, रजिस्टर बंद आहे. मी विषय काढला की म्हणतात, "बघू." ते उत्तर अजून वर यायचंय.

पण रविवारी मी गेलो की ते माझ्या स्कूटरवर मागे बसतात आणि आम्ही बंदरावर जातो. भागीबाय बांगडे लावून बसलेली असते. सासरेबुवा तिच्यासमोर उकिडवे बसतात आणि नव्याने ऐकत असल्यासारखं विचारतात, "मग शेवटी काय झालं?" ती माशांवर पाणी शिंपडत ते अख्खं पान एक शब्द न चुकता म्हणते. हे डोळे मिटून ऐकतात, आणि त्यांचा जबडा हळूहळू हलत असतो. पानाचं शेवटचं वाक्य असं आहे, की त्या दिवशी पवळ्याने कुणाचंच नाव घेतलं नव्हतं, त्याच्या कानावर फक्त माशी बसली होती. गेल्या रविवारी ते ऐकून झाल्यावर सासरेबुवांनी डोळे उघडले आणि सवयीने विचारलं, "कशावरून?"

भागीबायने जरा विचार केला. "त्यानं कदी कोनाचं नाव घेतलंन नाय," ती म्हणाली. "माज्यासारकाच व्हता तो."

सासरेबुवांनी मान डोलावली. मग आम्ही दोन वाटे बांगडे घेतले आणि पुलावरून घरी आलो.